कार्ब्युरेटरमधील हिमसंचय

कार्ब्युरेटरमधील हिमसंचय म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेतील बाष्प गोठून बर्फाचा थर साचण्याची क्रिया होय. या थरामुळे हवेचा मार्ग अरुंद होतो, हवा व इंधन यांचे प्रमाण बिघडते, इंजिनाची शक्ती घटते आणि प्रसंगी इंजिन बंद पडते. काही मिनिटे थांबल्यावर इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो व गाडी पूर्ववत सुरू होते. पुरावा असा आपोआप नाहीसा होत असल्यामुळे हा दोष सहसा ओळखला जात नाही.

बाहेर बर्फ पडण्याइतकी थंडी असल्याशिवाय कार्ब्युरेटर गोठत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हा बर्फ इंजिन स्वतःच तयार करते. बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच वर असले तरी, हवा दमट असल्यास, कार्ब्युरेटरच्या गळ्यात पाणी गोठू शकते. तो बर्फ टिकतो की वितळतो, हे इंजिनाकडे येणारी हवा कोठून व किती उबदार येते यावर अवलंबून असते. म्हणून जुन्या पिकअप गाड्या, जीपगाड्या व मोटारी यांच्या हवेच्या मार्गाची रचना आणि हिमसंचय हे दोन विषय एकत्रच अभ्यासावे लागतात.

कार्ब्युरेटर आणि हवेचा मार्ग

इंजिनाला लागणारी हवा प्रथम हवागाळणीतून येते. तेथून ती कार्ब्युरेटरच्या नळीत शिरते. या नळीचा मधला भाग मुद्दाम आकुंचित केलेला असतो. त्यास व्हेंचुरी म्हणतात. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या टाकीवजा कप्प्यातील पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, ओढले जाते आणि तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. व्हेंचुरीच्या पुढे थ्रॉटलची चकती असते. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ही चकती उघडते आणि अधिक मिश्रण इंजिनात जाते. पाय काढला की ती जवळजवळ बंद होते. तिच्या कडेला फक्त बारीक फट उरते. इंजिन नुसते चालू ठेवण्यासाठी लागणारे पेट्रोल या चकतीलगतच्या लहान छिद्रांतून मिळते.

कार्ब्युरेटरपासून सिलिंडरच्या तोंडापर्यंत मिश्रण वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यास इन्टेक मॅनिफोल्ड म्हणतात. जळालेला वायू बाहेर नेणारे जुडगे म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. पहिल्यात गारवा निर्माण होतो, तर दुसरे अत्यंत तापते. जुन्या इंजिनांच्या रचनाकारांनी या दोघांना मुद्दाम शेजारी बसवले, त्याचे कारण पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

बर्फ कसा तयार होतो

मातीच्या माठात पाणी गार होते, ते माठाच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याचे बाष्पीभवन झाल्यामुळे. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठातून व आतील पाण्यातून घेतली जाते. इंजेक्शनपूर्वी त्वचेवर लावलेले स्पिरिट थंड लागते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कार्ब्युरेटरमध्ये पाण्याच्या वा स्पिरिटच्या जागी पेट्रोल असते. तुषार झालेले पेट्रोल वेगाने उडून जाते आणि त्यासाठी लागणारी उष्णता सभोवतालच्या हवेतून व धातूतून शोषून घेते.

हा गारवा किती असेल, याचा साधा हिशेब मांडता येतो. एक किलोग्रॅम पेट्रोलची पूर्ण वाफ होण्यास सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल जळण्यास सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे ही सर्व उष्णता हवेतूनच घेतली गेली, तर दर किलोग्रॅम हवेमागे सुमारे २३ किलोज्यूल उष्णता कमी होईल. हवेची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला व दर अंशाला जवळजवळ एक किलोज्यूल आहे. त्यामुळे कोरड्या हवेचे तापमान सुमारे २३° से. खाली येईल. मिश्रण दाट असताना, तसेच वेग वाढून दाब घटतो त्या जागी, ही घट आणखी वाढते. विमानचालनाच्या पाठ्यपुस्तकांत कार्ब्युरेटरमधील तापमानाची घट ३३° ते ३९° से. इतकी होऊ शकते, असे नमूद असते.

दुसरा आवश्यक घटक म्हणजे बाष्प. हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प ती सामावून घेऊ शकते. २५° से. तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प राहू शकते, १०° से. ला हे प्रमाण साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, तर ०° से. ला पाच ग्रॅमहूनही कमी असते. हवा थंड होताच जास्तीच्या बाष्पाचे पाणी होते. ज्या पृष्ठभागावर ते जमते, त्याचे तापमान शून्याखाली असेल तर पाण्याऐवजी बर्फाचा थर बसतो.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे अतिशय उबदार व दमट हवा स्वतःच्याच थंड होण्यास विरोध करते. १०° से. तापमान व ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा वरील हिशेबाने शून्याखाली जाऊ शकते. मात्र २७° से. तापमानाची पावसाळी हवा सरासरीने तितकी थंड होत नाही. तथापि हा हिशेब संपूर्ण मिश्रणाच्या सरासरीचा आहे. थ्रॉटलच्या चकतीची कड पेट्रोलने ओली असते आणि तिच्यावरून हवा अतिवेगाने जाते. त्या एका जागेचे तापमान सरासरीहून पुष्कळ खाली उतरते. म्हणूनच उबदार हवेतही, विशेषतः थ्रॉटल जवळजवळ बंद असताना, चकतीवर बर्फ धरल्याचा अनुभव येतो.

हवा शून्याच्या वर असताना पृष्ठभाग गोठणे ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. त्या वेळी गावातील तापमापकावरील आकडा अनेकदा शून्याच्या वरच असतो. उघड्या आकाशाखाली उष्णता गमावून गवताची पाती हवेहून अधिक थंड झालेली असतात. कार्ब्युरेटरमध्ये हेच घडते. फरक इतकाच, की तेथे उष्णता आकाशाकडे न जाता पेट्रोलच्या वाफेत जाते.

हिमसंचयाचे प्रकार

हिमसंचयाचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. पेट्रोलच्या बाष्पीभवनामुळे व्हेंचुरीच्या पुढील भागात व मॅनिफोल्डच्या सुरुवातीस साचणारा तो पहिला प्रकार. थ्रॉटलच्या अर्धवट उघड्या चकतीमागे दाब एकदम घटल्याने तिच्या कडेला साचणारा तो दुसरा. बाहेरच्या हिमकणांचा किंवा अतिशीत जलबिंदूंचा हवागाळणीवर वा हवेच्या तोंडावर थेट मारा होऊन साचणारा तो तिसरा. तिसरा प्रकार हिमप्रदेशात व उंच उडणाऱ्या विमानांत आढळतो. महाराष्ट्रातील रस्त्यांवर त्याचा संबंध येत नाही. पहिले दोन प्रकार बहुधा एकत्रच उद्भवतात.

अनुकूल हवामान

विमानचालनातील मार्गदर्शनानुसार तापमान २१° से. हून कमी व सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असताना हिमसंचयाचा संभव सर्वाधिक असतो. परंतु ३८° से. पर्यंतच्या तापमानात व ५० टक्के आर्द्रतेतही तो घडू शकतो. कडाक्याच्या कोरड्या थंडीत मात्र धोका कमी होतो, कारण गोठण्यासाठी हवेत बाष्पच पुरेसे नसते.

कोकण किनारा व दख्खनचे पठार यांतील फरक या दृष्टीने उद्बोधक आहे. नवी मुंबईतील घणसोली गाव ठाणे खाडी आणि पारसिकचे डोंगर यांच्या मधल्या पट्टीत वसले आहे. खाडीमुळे येथील हवा वर्षभर दमट असते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. पण तापमान बहुधा २४° ते ३० ° से. दरम्यान असल्याने आणि बॉनेटखालची हवा त्याहून पुष्कळ गरम असल्याने सुस्थितीतील गाडीत बर्फ टिकत नाही. हिवाळ्यातील पहाटेची स्थिती थोडी वेगळी असते. त्या वेळी तापमान उतरलेले, हवेत दव आणि इंजिन अद्याप न तापलेले, अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

हीच गाडी पहाटे मुंबई–आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, निफाडकडे निघाली, तर परिस्थिती झपाट्याने बदलते. निफाड तालुक्यात हिवाळ्यात तापमान कधीकधी ५° से. च्या खाली जाते. गोदावरीच्या खोऱ्यातील सकाळचे धुके म्हणजे जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता. किनाऱ्यावर वर्षानुवर्षे कोणताही त्रास न दिलेली गाडी पठारावर सकाळच्या वेळी अडखळू लागली, तर हिमसंचयाची शक्यता विचारात घेणे योग्य ठरते.

घाटाचा विचार करता चढणीपेक्षा उतार अधिक जोखमीचा असतो. चढताना थ्रॉटल उघडी असते व इंजिन भरपूर तापते. उतरताना चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, चकती जवळजवळ बंद असते आणि इंजिन थंड होत जाते. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकेच इंजिन फिरवत राहतात, म्हणून काही बिघडले आहे हे जाणवत नाही. वळणावर क्लच दाबताच मात्र इंजिन थांबते. ब्रेकला निर्वाताचे साहाय्य असलेल्या गाड्यांत इंजिन थांबल्यावर ते साहाय्यही एकदोन वेळा ब्रेक दाबल्यावर संपते.

जुन्या गाड्यांतील रचना

मुंबईत जीपगाड्यांची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे सुरू केली. पुढे विलीज कंपनीच्या सहकार्याने त्यांचे उत्पादन भारतात होऊ लागले. जीप, तिच्यावर आधारित उघड्या हौद्याच्या पिकअप गाड्या आणि एफसी-१५० सारखे छोटे मालट्रक यांमध्ये दीर्घकाळ पेट्रोल इंजिने होती. विलीजच्या दोन इंजिनांची तुलना केली असता हवेच्या मार्गाला ऊब देण्याच्या दोन भिन्न पद्धती दिसतात. दोन्ही इंजिने चार सिलिंडरची व सुमारे २,२०० घन सेंटिमीटरची आहेत.

दुसऱ्या महायुद्धातील जीपमधून प्रसिद्ध झालेल्या एल-१३४ या इंजिनात इन्टेक व एक्झॉस्ट ही दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूस, एकमेकांना जोडलेली असतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एक फिरती पाती असून ती तापमानाने वळणाऱ्या स्प्रिंगला जोडलेली असते. इंजिन थंड असताना पाती गरम वायूला इन्टेकच्या तळाकडे वळवते. इंजिन तापल्यावर ती वायूला सरळ बाहेर जाऊ देते. याउलट सीजे-३बी जीपमधील एफ-१३४ या इंजिनात इन्टेक मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेले असते आणि कार्ब्युरेटर हेडवर बसतो. येथे ऊब मिळते ती हेडमधून फिरणाऱ्या गरम पाण्याची. पहिल्या पद्धतीत ऊब लवकर मिळते, पण पाती गंजून अडकण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत अडकण्याजोगा भाग नसतो, पण पाणी तापेपर्यंत वाट पाहावी लागते.

अमेरिकेतील सहा सिलिंडरच्या जुन्या पिकअप गाड्यांत पहिल्या प्रकारची रचना सर्रास आढळते. तेथील व्ही-८ इंजिनांत दोन ओळींच्या मधून जाणाऱ्या इन्टेक मॅनिफोल्डच्या पोटातून एक्झॉस्टचा आडवा मार्ग काढलेला असतो. भारतातील ॲम्बॅसडर मोटारीच्या १,४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनातही दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूस असून त्यांचा परस्परस्पर्श राखलेला होता. फोक्सवॅगन बीटलमध्ये कार्ब्युरेटर मध्यभागी, सिलिंडरपासून दूर असल्याने मॅनिफोल्डलगत एक्झॉस्टची स्वतंत्र बारीक नळी नेलेली असते. ती काजळीने बुजली की थंडीत मॅनिफोल्डवर बाहेरूनही दव व हिम दिसू लागते.

हवागाळणीची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे. जुन्या जीप व ट्रकमध्ये तेलाची हवागाळणी असे. तिच्यात हवा तेलाच्या पृष्ठभागावर आपटून वळते. धूळ तेलात राहते आणि तेलकट जाळीतून स्वच्छ हवा पुढे जाते. धुळीच्या रस्त्यांवर ही गाळणी उपयुक्त ठरली. नंतर कागदी गाळणी आली. काही गाड्यांत गाळणीला हवेची दोन तोंडे असतात. एक बाहेरची गार हवा घेते. दुसरे एका नळीने एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरील पत्र्याच्या आवरणाला जोडलेले असते व तेथील तापलेली हवा घेते. युरोपीय गाड्यांत ऋतूनुसार गाळणीचे तोंड हाताने फिरवण्याची सोय असे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत, मुख्यतः धुरातील प्रदूषण कमी करण्याच्या हेतूने, ही अदलाबदल आपोआप करणाऱ्या गाळण्या बसवल्या जाऊ लागल्या. तापमानास संवेदनशील झडप इंजिनातील निर्वाताच्या साहाय्याने गरम व गार हवेचे प्रमाण राखते.

गरम हवेची मर्यादा

गरम हवा सर्वकाळ दिली तर हिमसंचय होणार नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. तापमान सुमारे ३° से. ने वाढले की हवेची घनता जवळजवळ एक टक्का घटते. विरळ हवेत प्राणवायू कमी असल्याने इंजिनाची शक्ती कमी होते. भर उन्हाळ्यात अतितप्त मिश्रणामुळे इंजिनात ठोके पडतात. पेट्रोलच्या नळीत वा पंपात वाफ धरून पुरवठा तुटण्याचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘व्हेपर लॉक’चा, धोकाही वाढतो. महाराष्ट्रात बहुतेक चालकांना या दुसऱ्या टोकाचाच अनुभव येत असल्याने गरम हवेची व्यवस्था त्यांना निरुपयोगी वाटते.

व्हेपर लॉक टाळण्यासाठी कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड वॉशर बसवतात. हा उपाय उन्हाळ्यात योग्य असला, तरी त्यामुळे थंडीत कार्ब्युरेटरला खालून मिळणारी ऊबही तुटते. हिमसंचय व व्हेपर लॉक ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एक उचलताना दुसरे किती खाली जाते, हे पाहणे आवश्यक असते.

लक्षणे व निदान

रस्त्यावरील गाडीत हिमसंचयाचा क्रम बहुधा ठरावीक असतो. थंड सकाळी गाडी चोक ओढून व्यवस्थित सुरू होते. चारदोन किलोमीटर गेल्यावर, चोक बंद केल्यानंतर पण इंजिन पूर्ण तापण्यापूर्वी, ते अडखळू लागते. सिग्नलला वा फाटकाशी थांबताच बंद पडते. लगेच सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास दाद देत नाही. पाचदहा मिनिटांनी मात्र काहीच झाले नाही अशा थाटात सुरू होते आणि नंतर दिवसभर त्रास देत नाही. मधल्या काळात थांबलेल्या इंजिनाची उष्णता वर चढून बर्फ वितळलेला असतो.

याच लक्षणांची इतर कारणेही असतात, म्हणून ती वेगळी ओळखावी लागतात. व्हेपर लॉक उन्हात, तापलेल्या इंजिनात, सहसा चढणीवर वा कोंडीत होतो. हिमसंचय थंड दमट वेळी, अर्धवट तापलेल्या इंजिनात होतो. पेट्रोलमध्ये पाणी असल्यास दोष वेळकाळ न पाहता पुन्हा पुन्हा उद्भवतो आणि कार्ब्युरेटरचा कप्पा उघडल्यास तळाशी पाण्याचे थेंब दिसतात. ठिणगीचा दोष असल्यास इंजिन एकदम तुटक चालते. हिमसंचयात शक्ती हळूहळू खचत जाते. निर्णायक परीक्षा साधी आहे. इंजिन बंद पडताच, मिनिटभराच्या आत, हवागाळणीची नळी सोडवून विजेरीने कार्ब्युरेटरच्या गळ्यात पाहिल्यास पांढुरका थर वा थ्रॉटलच्या चकतीभोवती ओलसर बर्फ दिसतो. कार्ब्युरेटरच्या बाहेरील अंगावर दव जमलेले असणे हीदेखील महत्त्वाची खूण आहे. ही तपासणी करताना जवळ काडेपेटी, विडी वा उघडी ज्योत असता कामा नये. गोठलेला कार्ब्युरेटर ज्योतीने शेकणे हे आगीला आमंत्रण होय.

निदान चुकल्यास खर्च वाढत जातो. प्लग, कॉइल, पेट्रोल पंप व शेवटी खुद्द कार्ब्युरेटर बदलला जातो. दरम्यान ऊन वाढते, गाडी सुरळीत चालू लागते आणि शेवटी बदललेल्या भागाला श्रेय मिळते. पुढच्या थंडीत दोष पुन्हा अवतरतो.

दुरुस्तीतील बदल व त्यांचे परिणाम

सुस्थितीतील मूळ रचनेत हिमसंचय क्वचितच होतो. तो उद्भवण्यामागे बहुधा दुरुस्तीच्या वा हौसेच्या ओघात केलेले बदल असतात. पुढील बदल विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला बदल म्हणजे गरम हवेची नळी व एक्झॉस्टवरील पत्र्याचे आवरण काढून टाकणे. गंजलेले आवरण काढल्याने उन्हाळ्यात काहीच बिघडत नसल्यामुळे ते परत बसवले जात नाही. दुसरा, मूळ गाळणीऐवजी कार्ब्युरेटरच्या तोंडावर उघडी गाळणी लावणे किंवा बॉनेटबाहेरून थेट गार हवा आणणे. शक्तिवृद्धीसाठी हे उपयोगी असले तरी हिवाळ्यात गाळणीचे संरक्षण जाते. तिसरा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील पाती अडकणे किंवा ती कायमची उघडी बांधून ठेवणे. चौथा, इंजिन तापते या तक्रारीवर तोडगा म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. ही प्रथा आपल्याकडे फार रूढ आहे. थर्मोस्टॅट नसल्यास पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरते, इंजिन तापण्यास फार वेळ लागतो, आणि ज्या इंजिनात पाण्यानेच मॅनिफोल्डला ऊब मिळते त्यात हिमसंचयाचा काळ लांबतो.

उपायही यातूनच सुचतात. गरम हवेची नळी पुन्हा जोडावी. ती मिळत नसल्यास पत्र्याचे साधे आवरण व उष्णतेस टिकणारी लवचीक नळी वापरून तशीच व्यवस्था करता येते. उन्हाळ्यात ती नळी काढून ठेवण्याची सोय ठेवावी. मॅनिफोल्डमधील पाती हाताने मोकळी फिरते की नाही, हे इंजिन थंड असताना तपासावे. योग्य थर्मोस्टॅट बसवावा. इंजिन तापण्याचे मूळ कारण गाळाने भरलेला रेडिएटर असल्यास तो स्वच्छ करावा. प्रवासात लक्षण दिसल्यास गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करून, बॉनेट बंद ठेवून, दहा मिनिटे थांबणे पुरेसे असते. वारंवार स्टार्टर मारल्याने केवळ बॅटरी उतरते. घाट उतरण्यापूर्वी इंजिन पूर्ण तापू देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

विमानांतील हिमसंचय

रस्त्यावर जी गैरसोय, ती आकाशात प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच या विषयाचा सखोल अभ्यास विमानांच्या संदर्भात झाला. कार्ब्युरेटर असलेल्या लहान विमानांत एक्झॉस्टभोवतीची गरम हवा कार्ब्युरेटरकडे वळवणारी कळ वैमानिकाच्या हाताशी असते. बर्फ साचू लागल्यास इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात. कळ ओढल्यावर गरम, विरळ हवेमुळे ते प्रथम आणखी घटतात व बर्फ वितळल्यावर वाढतात. हा क्षणिक बिघाड पाहून कळ परत न ढकलण्याची शिकवण नवशिक्या वैमानिकास दिली जाते. उतरण्यासाठी शक्ती कमी करण्यापूर्वी गरम हवा सुरू करण्याची सवय अनेक विमानांच्या प्रशिक्षणात लावतात. समुद्रालगतच्या दमट हवेतील तळांवर, उदाहरणार्थ १९२८ मध्ये सुरू झालेल्या जुहू विमानतळासारख्या ठिकाणी, ही सवय उबदार दिवसांतही आवश्यक ठरते. कारण विमानाच्या कार्ब्युरेटरला मोटारीप्रमाणे बॉनेटखालच्या कोंडलेल्या उष्णतेचा आधार मिळत नाही.

इंधनातील बदल

अमेरिका व युरोपात १९५० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये हिमरोधक द्रव्ये मिसळण्यात येऊ लागली. त्यांपैकी काही अल्कोहोल वर्गातील असून ती जमलेल्या पाण्यात विरघळून त्याचा गोठणबिंदू खाली आणतात. काही धातूवर पातळ लेप धरून बर्फाला चिकटू देत नाहीत.

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढवत २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या दृष्टीने याचे दोन विरुद्ध परिणाम संभवतात. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे सर्व मिश्रणाची वाफ झाल्यास गारवा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढू शकतो. दुसरीकडे इथेनॉल पाण्यात मिसळून हिमरोधकाचे काम करते. याखेरीज इथेनॉल ओलावा शोषते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसल्यास हिमसंचयासारखीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून अशा गाड्यांत निदानापूर्वी टाकीतील इंधन ताजे असल्याची खात्री करणे इष्ट असते.

मुंबई व नवी मुंबईत अनेक जुन्या पेट्रोल गाड्या सीएनजीवर चालवल्या गेल्या. वायुरूप इंधनाची कार्ब्युरेटरमध्ये वाफ होण्याचा प्रश्नच नसल्याने सीएनजीवर चालताना येथे वर्णिलेला हिमसंचय होत नाही. मात्र टाकीतील उच्च दाबाचा वायू दाबनियंत्रकात प्रसरण पावताना अतिशय थंड होतो व नियंत्रक गोठू शकतो. त्यासाठी इंजिनाचे गरम पाणी नियंत्रकातून फिरवलेले असते. ती पाण्याची नळी बुजल्यास किंवा रेडिएटरमधील पाणी कमी झाल्यास ‘किट गोठले’ अशी तक्रार येते. जागा बदलली तरी तत्त्व तेच राहते: जेथे गारवा निर्माण होतो, तेथे इंजिनाची ऊब पोहोचवावी लागते.

सद्यःस्थिती

डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर नसतो. इंधन थेट सिलिंडरच्या तप्त हवेत फवारले जाते. १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील जीप व पिकअप गाड्या मोठ्या प्रमाणावर डिझेलवर गेल्या. महिंद्रने त्यासाठी पूझोच्या रचनेची डिझेल इंजिने इगतपुरी येथे बनवली. पेट्रोल मोटारींत २००० सालानंतर कडक होत गेलेल्या प्रदूषणमर्यादांमुळे कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीने घेतली. या पद्धतीत पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी, तापलेल्या झडपेजवळ फवारले जाते. त्यामुळे थ्रॉटलवर बाष्पीभवनजन्य बर्फ साचत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांबरोबर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

परिणामी हा विषय आज मुख्यतः जतन केलेल्या जुन्या गाड्या, शेतावरील व खाजगी वापरातील पेट्रोल जीप, जुनी जनरेटर इंजिने आणि प्रशिक्षण विमाने यांच्यापुरता उरला आहे. कार्ब्युरेटर उघडून जुळवणारे अनुभवी कारागीर कमी होत चालले असताना जुन्या गाड्यांची पुनर्बांधणी मात्र हौसेने होत आहे. अशा पुनर्बांधणीत एक्झॉस्टवरील पत्र्याचे आवरण, पातीची स्प्रिंग, गाळणीची दुसरी नळी हे भाग निरुपयोगी समजून भंगारात जातात. मूळ रचनाकारांनी प्रत्येक भाग कोणत्या ऋतूसाठी दिला होता, हे समजून घेतल्यास गाडीचे केवळ रूपच नव्हे, तर तिचे थंड सकाळी निर्धोक चालणेही जपले जाते.